ऐकीव साक्ष

मेंदूच्या चित्रात एखादा भाग रंगाने उजळला की ‘विचार येथेच चालला आहे’ असे बेधडक सांगितले जाते. वस्तुतः एफएमआरआय यंत्र चेतापेशींचे विद्युत्संदेश टिपत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखविल्याप्रमाणे ते रक्तातील प्राणवायूचे बदल टिपते. संदेश सुमारे सहस्रांश सेकंदात सरतो. रक्तप्रवाहाची भरती शिगेला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. २००१ साली निकोस लोगोथेटिस यांच्या माकडांवरील प्रयोगांत या संकेताचा मेळ पेशींनी धाडलेल्या संदेशांपेक्षा तेथे येणाऱ्या संदेशांशी व स्थानिक प्रक्रियेशी अधिक बसला. ही साक्ष खोटी नव्हे, पण ऐकीव आहे. केवळ तिच्या बळावर कोणाला लबाड वा गुन्हेगार ठरविणे हा विज्ञानाचा नव्हे, उतावळेपणाचा निवाडा होय.