विष कोणते, औषध कोणते?

मुलांनो, ‘संखिया’ हा शब्द तुम्हांला उर्दूत माहीत असेल. मराठीत त्याला ‘सोमल’ म्हणतात. आर्सेनिक या मूलद्रव्यापासून बनलेले हे भयंकर विष आहे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात जमिनीतील आर्सेनिक विहिरींच्या व नळकूपांच्या पाण्यात उतरले. ते पाणी वर्षानुवर्षे पिऊन अनेकांना त्वचेचे रोग झाले, काहींना कर्करोगही झाला.

आता दुसरी बाजू पाहा. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार फार झपाट्याने बळी घेत असे. 1970 नंतरच्या दशकात चीनमधील हार्बिन शहरातील डॉक्टरांनी एका गावठी औषधाची तपासणी केली. त्यात इतर पदार्थांबरोबर सोमलही होता. खरा गुण सोमलाचाच आहे, हे डॉ. झांग टिंगडाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या. 2000 साली अमेरिकेनेही या औषधाला मान्यता दिली. आज योग्य वेळी उपचार मिळाले तर या रोगाचे बहुतेक रुग्ण बरे होतात. आपल्या देशात वेलोरच्या डॉक्टरांनीही या औषधाने अनेक रुग्ण बरे केले आहेत.

मनशीळ हे आर्सेनिकचे तांबडे खनिज. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून औषधासाठी ते जास्त प्रमाणात द्यावे लागते. यावर चीनमधील लांजो येथील शास्त्रज्ञांनी जिवाणूंची मदत घेतली. खाणींतील आंबट पाण्यात राहणारे काही जिवाणू लोह आणि गंधक यांच्यापासून आपली शक्ती मिळवतात. मनशिळेची पूड त्यांच्या पाण्यात टाकली, की ती हळूहळू फुटते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. डोळ्यांना न दिसणारा जीव दगड विरघळवतो, ही केवढी नवलाची गोष्ट! मात्र या द्रावणाचे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. तेवढ्यावरून ते माणसाचे औषध ठरत नाही.

काही जण म्हणतात, “विष ते विषच, त्याला हातही लावू नये.” दुसरे म्हणतात, “जुन्या लोकांना सगळे ठाऊक होते, मग तपासण्या कशाला?” माझ्या मते दोघेही चुकतात. पहिल्यांचे ऐकले असते तर हजारो रुग्ण वाचले नसते. दुसऱ्यांचे ऐकून कोणी बाजारातील पुडी घेतली तर जीव गमावून बसेल. रुग्णालयात हेच औषध ठरलेल्या मापाने शिरेतून देतात आणि रुग्णाच्या हृदयावर सतत लक्ष ठेवतात. विष आणि औषध यांत फरक करते ते माप, आणि ते माप धीराने केलेल्या तपासणीतूनच कळते.

आर्सेनिकचेच आणखी एक खनिज म्हणजे पिवळी हरताळ. पूर्वी पोथीतील चुकलेल्या अक्षरावर ती फासून अक्षर पुसत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. मुलांनो, जुन्या ज्ञानाला हरताळ फासू नका, आणि तपासणीलाही फासू नका. घरात कोणी आजारी पडले, तर ऐकीव उपायांच्या मागे न लागता आधी डॉक्टरांकडे चला, असे आग्रहाने सांगा.