गळाला लागलेली दोस्ती

मासेमारी म्हणजे पेशन्सचा खेळ, असं कोण म्हणतं? ज्यानं जिवलग मित्राच्या शेजारी बसून कधी गळ टाकलेला नाही, तोच! पाच फुटांवर दोस्ताच्या रॉडचं घुंगरू खणखणतं आणि आपलं मात्र ढिम्म. त्या क्षणी पोटात जे काही होतं ना मंडळी, त्याला पेशन्स म्हणत नाहीत. मराठीत त्याला सरळ 'जळणं' म्हणतात.

माझा हा जळण्यातला पार्टनर म्हणजे माझा कॉलेजातला रूमी. मी मास कॉम करून फ्रीलान्सिंगच्या भरवशावर, तर तो हिंजवडीत आयटीवाला. मला दर महिन्याला भाड्याचं टेन्शन, त्याला दर वर्षी अप्रेझलचं. दोघांवर औषध एकच, रेवदंड्याची खाडी. त्याचे मामा तिथेच राहतात. दिवाळी ते होळी, महिन्यातून एखाद्या शुक्रवारी रात्री बाइकला किक मारायची आणि थेट मामांच्या पडवीत जाऊन आडवं व्हायचं. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, समोर कोर्लईचा किल्ला दिसतो, तिथल्या खडकांवर आमची बैठक असते. गळाला जिवंत कोळंबी लावायची आणि भरतीबरोबर खाडीत शिरणाऱ्या जिताड्याची वाट बघायची. अलिबागकडे जिताड्याला काय मान आहे, ते तिथल्या कुठल्याही जावयाला विचारा!

अर्थात, नुसतं मासे धरण्यात काय मजा? पैज हवीच. सीझनमधला सगळ्यात जड मासा ज्याचा, त्याला हरणाऱ्यानं अलिबागमध्ये पोटभर जेवू घालायचं. नियम तीन. वजन मामांच्या काट्यावर आणि नोंद मामांच्या वहीत. सुटलेला मासा मोजायचा नाही, मग तो 'एवढ्ढा मोठा' का असेना. आणि मासा काठावर येईपर्यंत दुसऱ्यानं रॉडला हात लावायचा नाही.

तिसरा नियम आमच्या डोक्यातून आलेला नाही. गळाच्या मासेमारीचे जागतिक विक्रम ठेवणारी आयजीएफए ही संस्था १९३९ पासून आहे, तिचाही हाच फंडा. रॉड स्टँडला लावलेला असला, तरी मासा लागताच ज्याचा त्यानं तो पटकन हातात घ्यायचा. झटका देऊन गळ रुतवायचा तोही त्यानंच. मधे कुणी मदत केली, की विक्रम बाद.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रूमी ३ किलो २०० ग्रॅमवर पुढे होता. माझ्या नावावर दीड किलोचा एक शिंगाळा आणि भरपूर टोमणे. भरती नुकतीच लागलेली, सूर्य बुडायला आलेला, आणि नेमका तेव्हाच एडिटरचा फोन. रेंजसाठी मी वर रस्त्यापर्यंत गेलो. 'कॉपी रात्रीपर्यंत देतो' हे वाक्य पुरं होतंय तोच खालून आरोळी आली, "अरे पळ! तुझा वाजतोय!"

कालवांनी भरलेल्या खडकांवरून पळणं म्हणजे सुऱ्यांवरून पळणं. मी पोहोचलो तेव्हा माझा रॉड रूमीच्या हातात होता आणि पार कमानीसारखा वाकला होता. "घे, घे लवकर!" म्हणत त्यानं तो माझ्या हातात कोंबला. जिताड्यानं पाण्याबाहेर उडी मारून असं काही डोकं झटकलं, की माझ्या छातीत धस्स झालं. पण तंगूस टिकला. दहा मिनिटांनी मासा खडकावर होता.

काट्यावर भरला ४ किलो १०० ग्रॅम.

"कुणाचा?" मामांनी वही उघडत विचारलं.

"ह्याचा," रूमी म्हणाला. "रॉड पाण्यात चालला होता, मी नुसता सावरला."

नुसता! पहिला झटका त्यानं दिला होता, गळ त्यानं रुतवला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिसरं कुणीच तिथे नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

मग काय, स्टेटसला फोटो, दीडशे रिप्लाय, आणि होळीनंतर अलिबागमध्ये सुरमई थाळी. रूमीनं हसत बिल भरलं. उजव्या हाताचं बोट कापलेलं होतं, तिथे बँडेज होतं, म्हणून बिचारा चमच्यानं जेवत होता. मी दोन थाळ्या चापल्या. घशात अडकलं ते काटा नव्हतं, एवढंच सांगतो.

गळाच्या दुनियेत लबाडी करणं तसं सोपं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेक ईरीवरच्या एका स्पर्धेत दोघांचे मासे दिसायला साधेच होते, पण वजनाला भलतेच भरले. आयोजकानं तिथल्या तिथे मासे चिरले, तर आतून शिशाचे गोळे निघाले! बक्षीस जवळपास २९ हजार डॉलरचं होतं. दोघांनी पुढच्या वर्षी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दहा-दहा दिवसांची जेल पदरात पडली.

आता दुसरं टोक बघा. लार्जमाउथ बास या माशाचा विक्रम १९३२ पासून जॉर्जियाच्या जॉर्ज पेरीच्या नावावर होता. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून साधारण २७ ग्रॅम जड मासा धरला. पण नियमानुसार विक्रम मोडायला निदान दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास फरक हवा. कुरितांनी लाय डिटेक्टरची चाचणीही दिली. निकाल काय, तर बरोबरी! सत्त्याहत्तर वर्षांनी जास्त वजनाचा मासा धरूनही ते पेरीच्या शेजारी उभे राहिले, पुढे नाही.

हे वाचल्यावर आरशात बघायची चोरी झाली. मी माशाच्या पोटात शिसं भरलं नव्हतं, मान्य. पण खाडीच्या काठावर ना अंपायर असतो, ना थर्ड अंपायरचा रिप्ले. तिथे दोस्ताचा शब्द हाच काय तो काटा. रूमीनं तो काटा माझ्या बाजूला झुकवला आणि मी खुशाल झुकू दिला.

आणि हे फक्त खाडीवरच होतं का हो? प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री शेजारच्या डेस्कवरचा कुणीतरी तुमची एक्सेल शीट 'नुसती सावरतो'. सकाळी बॉस म्हणतो, "गुड जॉब!" आणि आपण गोड हसून "थँक यू सर" म्हणतो. आठवलं ना कुणीतरी?

गेल्या दिवाळीत नव्या सीझनची पहिली गरी टाकायच्या आधीच मी मामांना म्हटलं, "मामा, माझा तो चार किलोवाला खोडा. पहिला झटका ह्यानं दिला होता."

रूमी ओरडला, "अरे, आता काय त्याचं!" मामांनी मात्र शांतपणे वही पुढे केली. सगळ्या नोंदी शाईच्या होत्या. माझी ती एक पेन्सिलीनं.

"बोट त्याचं तंगुसानं कापलं, आणि मासा तुझा?" मामा म्हणाले. "घे, तुझ्याच हातानं खोड."

खोडरबर त्यांनी वहीतच ठेवलं होतं!

त्या जेवणाची परतफेड मी त्याच रात्री केली. रूमीनं ह्या वेळी पाचही बोटांनी सुरमई हाणली, वर दोन सोलकढ्या आणि शेवटी निर्लज्जपणे मोदक मागवला. नवा सीझन पुन्हा शून्यापासून सुरू झालाय. सध्या तो ६०० ग्रॅमनं पुढे आहे आणि मी पुन्हा व्यवस्थित जळतोय.

फक्त आता खाडीवर गेल्यावर एक करतो. फोन स्विच ऑफ! एडिटरसाहेब, वाचताय ना?