थंडी कुणाला वाजते?

दिवाळी सरली की शाली, कानटोप्या आणि गोधड्या कपाटातून बाहेर येऊ लागतात. ज्यांच्या घरी कुत्रा आहे तेथे याच सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो : "त्याला थंडी वाजत असेल का हो?" प्रश्न मायेपोटी आलेला असतो, यात शंका नाही. पण त्याचे उत्तर शोधताना आपण कुत्र्याकडे पाहतच नाही. पाहतो ते स्वतःकडे. आपल्याला पांघरुणातून निघवत नाही, म्हणून त्याचे सकाळचे फिरणे बंद होते. आपल्याला स्वेटर लागतो, म्हणून त्याच्याही अंगात स्वेटर चढतो. आणि याच घरातला कुत्रा रात्री मात्र गॅलरीतल्या उघड्या फरशीवर साखळीने बांधलेला असतो!

याच्या उलट, "जनावरच ते, त्याला कसली आली आहे थंडी?" असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांची चूक एकच आहे. कुत्र्याची थंडी कुत्र्याच्या शरीरावरून मोजायला हवी, आपल्या शरीरावरून नव्हे. तशी ती मोजली, तर हिवाळ्यात त्याला शालीपेक्षा चालण्याची आणि कोरड्या जागेची अधिक गरज असते, असे आढळून येईल.

प्रथम त्याचे शरीर पाहू. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. म्हणजे आपल्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्तच. नाशिक जिल्ह्यातील निफाडला एखाद्या रात्री पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा कुत्र्याचे शरीर आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांत ३३ अंशांहून अधिक फरक पडतो. उष्णता ही उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. मग ही उष्णतेची गळती कुत्रा कशी थोपवतो?

पहिले साधन म्हणजे केस. खरे पाहता ऊब केसांची नसते, तर केसांत अडकून राहिलेल्या हवेची असते, कारण हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. पॉमेरेनियन किंवा अल्सेशियन कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि त्यांखाली मऊ लोकरीसारखा दाट थर. अशा कुत्र्याला घट्ट स्वेटर घातला, तर केस दबून त्यांतली हवा कमी होते. म्हणजे स्वेटरचा फायदा थोडाच, आणि कुत्र्याला अडचण मात्र पुष्कळ. डॉबरमन, डॅक्सहुंड किंवा आपला गावठी कुत्रा यांचे केस आखूड असतात. त्यांना थंडी लवकर जाणवते.

दुसरे साधन आहे बसण्याची ढब. थंडीत कुत्रा अंगाचे मुटकुळे करून, नाक शेपटीखाली खुपसून झोपतो. त्यामुळे हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कमी होतो.

तिसरे साधन पंजात दडलेले आहे. पंजाच्या गादीवर केस नसतात, तरीही बर्फावर उभा राहिलेला कुत्रा सहसा पाय आखडत नाही. जपानमधील संशोधकांनी २०११ साली याचे कारण दाखवून दिले. पंजाकडे उष्ण रक्त नेणाऱ्या रोहिणीला अगदी लगटून बारीक नीलांचे जाळे असते. परत येणारे थंड रक्त त्या जाळ्यातून जाताना रोहिणीतल्या रक्ताकडून ऊब घेते आणि मगच शरीरात शिरते. कारखान्यांतली उष्णता वाचवणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात!

आकाराचाही प्रश्न आहे. १० सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १,००० घन सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. पृष्ठफळ २,४०० होते, पण घनफळ ८,००० होते. म्हणजे मोठ्या घनाच्या वाट्याला घनफळाच्या मानाने निम्माच पृष्ठभाग येतो. उष्णता पृष्ठभागातून निसटते, म्हणून लहान चणीचा कुत्रा लवकर गारठतो. घरी करून पाहा. एक मोठा आणि एक छोटा डबा घेऊन दोन्हींत सारख्याच तापमानाचे कोमट पाणी भरा आणि दर पाच मिनिटांनी तापमापकावरील आकडा टिपा. नंतर छोट्या डब्याला ओले फडके गुंडाळून प्रयोग पुन्हा करा. ओल्या फडक्याने काय होते ते पाहिले, की हिवाळ्यात ओला कुत्रा तसाच सोडून देणे किती वाईट, हे कोणी सांगावे लागणार नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते, आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता वेगळीच. म्हणून आंघोळ घालायची तर भर दुपारी, आणि लगेच अंग खसखसून पुसायचे.

आता चालण्याचा मुद्दा. १९२५ सालच्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. औषध रेल्वेने नेनानापर्यंत पोचले. पुढचे सुमारे १,०८५ किलोमीटर ते कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी न्यावे लागले. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हे अंतर शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत साडेपाच दिवसांत तोडले. त्या कुत्र्यांना दाट केसांचे संरक्षण होते, हे खरे. पण त्यांची खरी शेगडी स्नायूंत होती. स्नायू काम करतात तेव्हा वापरलेल्या ऊर्जेचा थोडाच भाग हालचालीच्या कामी येतो; बाकीची उष्णता बनते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारा असा कुत्रा दिवसाला १०,००० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा खर्च करतो.

आपला कुत्रा काही घसरगाडी ओढत नाही. पण शेगडी त्याच्याही अंगात आहे. ती आपणच पांघरुणात लोळत राहून विझवतो, ही माझी खरी तक्रार आहे. फिरणे बंद झाले की कुत्रा जाड होतो, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे अधिकच आखडतात, आणि तरुण कुत्रा कंटाळून चपला कुरतडू लागतो. मग आपण त्यालाच रागावतो! त्यातच 'थंडी आहे' म्हणून खाणे वाढवले, तर दुहेरी नुकसान होते. फिरणाऱ्या, बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला जास्त अन्न लागते. घरात बसून असणाऱ्याला नाही.

"पण थंडीत बाहेर नेले तर तो आजारी पडणार नाही का?" असे कोणी विचारील. त्यावर उपाय फिरणे बंद करणे हा नसून वेळ बदलणे हा आहे. पहाटे पाचऐवजी ऊन पडल्यावर न्यावे. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी परत यावे. लवकर अंधार पडतो, धुके असते, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला चमकणारी पट्टी लावावी आणि साखळी हातातून सोडू नये. लहान चणीच्या वा म्हाताऱ्या कुत्र्याला एकदाच लांब फिरवण्याऐवजी दोनदा थोडे थोडे फिरवावे. धावणाऱ्या कुत्र्याला स्वेटर घालू नये. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो. आखूड केसांचा, म्हातारा किंवा आजारी कुत्रा स्वस्थ बसलेला असेल, तर स्वेटर जरूर घालावा. फारच गारठा असेल त्या दिवशी घरातच भाकरीचे तुकडे लपवून वासावरून शोधायला लावावेत. याने शरीराला आणि डोक्यालाही व्यायाम होतो.

रात्रीची जागा कशी आहे, हे शोधण्यासाठी तापमापक टेबलावर न ठेवता कुत्रा झोपतो तेथे फरशीवर ठेवा. शहाबादी फरशी त्याच्या पोटातली ऊब सतत ओढून घेत असते. खाली लाकडी फळी, तिच्यावर कोरडे पोते किंवा जुनी गोधडी, आणि वारा अडेल असा आडोसा एवढे पुरे. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस व कुत्रा दोघांचाही जीव घेतो. कुत्रा सतत कुडकुडत असेल तर त्याला आत घ्या. कुडकुडणे थांबून तो मलूल पडला, तर मात्र ते बरे होण्याचे लक्षण नव्हे; त्याला कोरड्या कपड्यात गुंडाळून ताबडतोब गुरांच्या दवाखान्यात न्या. आपल्या घरातली अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषारी ठरते.

येथवर घरातल्या कुत्र्याची गोष्ट झाली. ज्याला घर नाही त्याचे काय? आपल्या देशात भटक्या कुत्र्यांची पिले मुख्यतः हिवाळ्यातच जन्मतात. पहिल्या काही दिवसांत पिलांना नीट कुडकुडताही येत नाही. आईची कूस आणि भावंडांचा ढीग हीच त्यांची ऊब. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३६४ पिलांवर लक्ष ठेवले. त्यांपैकी शेकडा १९ पिलेच वयात येईपर्यंत जगली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी शेकडा ६३ मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता, असे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. थंडी आपल्या हातात नाही. पण हे शेकडा ६३ आपल्या हातात आहेत. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याखाली वाकून पाहावे. कुत्री जिन्याखाली व्याली असेल तर तिला हुसकावू नये. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दुरूनच एक कोरडे पोते सरकवून द्यावे. पिलांना हात लावू नये, कारण आई चावू शकते. चावलीच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. थंडी ओसरल्यावर या कुत्रीच्या निर्बीजीकरणासाठी आणि लसीसाठी नगरपालिकेकडे अर्ज करणे, हेही आपलेच काम आहे.

शिक्षकांना एक विनंती. उष्णतेचे वहन हा धडा डिसेंबर-जानेवारीत शिकवावा आणि मुलांना एक आठवडाभर आपल्या आळीतील कुत्री कोठे झोपतात त्याची नोंद ठेवायला सांगावी. राखेत, वाळूच्या ढिगावर, नुकत्याच थांबलेल्या मोटारीखाली की उन्हाच्या कवडशात? प्रत्येक जागेमागे एक कारण असते, आणि कुत्र्याला ते पुस्तक न वाचताच कळलेले असते. मुलांनी ती कारणे शोधावीत, आणि त्या आठवड्यात निदान एका कुत्र्याखाली तरी कोरडे पोते जावे.