पोलीस दारात येण्याआधी कोर्टात जा

भंडारा जिल्ह्यातील तमाम गावकरी, शेतमजूर, सरपंच, पोलीस पाटील आणि बचत गटांच्या भगिनींनो,

ऐन रोवणीत आपल्या भागातल्या एका मजुराला बांधीतून उचलून नेले. चिखलाचे पाय धुवायलाही सवड मिळाली नाही. गुन्हा कोणता, तर मोहाच्या दारूची जुनी केस. एक तारीख चुकली, मग दुसरी चुकली, मग 'आता कोण विचारतो' म्हणून तो विसरला. कोर्ट विसरले नव्हते. उचलला शुक्रवारी संध्याकाळी, त्याची फाईल असलेले कोर्ट उघडणार सोमवारी. मधले दिवस तो आत आणि घरची बाई वकील शोधत वणवण.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्याच्यावर पकड वॉरंट आहे हे गावात चार जणांना ठाऊक होते. त्याला जामीन राहिलेल्या माणसाला तर कोर्टाची नोटीसही आली होती. एकानेही तोंड उघडले नाही. मंडईत नाटकाची वर्गणी गोळा करायला घरोघर फिरणारे आपण, 'बाबा, कोर्टात जाऊन ये' एवढे सांगायला आपली जीभ रेटली नाही.

म्हणून आमच्या मंडळाचे हे पत्रक.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वॉरंटला मुदत नसते. कोर्टाने काढलेले वॉरंट दोनच रीतींनी संपते: कोर्टाने ते रद्द केले तर, किंवा पोलिसांनी तुम्हाला धरून कोर्टापुढे उभे केले तर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 मध्येही हेच आहे. 'तीन वर्षांनी केस आपोआप पडते' असे पानठेल्यावर सांगणाऱ्याला विचारा, कोणत्या कलमाखाली? खटला दाखल करून घेण्याची मुदत वेगळी, दाखल झालेल्या खटल्यातले वॉरंट वेगळे. आरोपी सापडत नाही म्हणून कोर्टाने फाईल सुप्त यादीत टाकली, तरी ती झोपलेली असते, मेलेली नसते.

वॉरंट एकदम येत नाही. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात हीच पायरी सांगितली आहे: समन्सने भागत असेल तर थेट अजामीनपात्र वॉरंट काढू नये. म्हणजे आपल्याला दोनदा आवाज दिला जातो. मग तो ऐकू का येत नाही? कारण घरातला माणूस घरी नसतो. धान कापून झाले की आपली माणसे नागपूरला, हैदराबादला कामाला जातात. जुन्या कायद्यात समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता येत असे. बाई दारात उभी असली तरी कायद्याच्या लेखी घर रिकामे! मग कागद भिंतीला चिकटवायचा, तो पावसाने जायचा आणि पुढच्या तारखेला वॉरंट निघायचे. नव्या संहितेने 'पुरुष' हा शब्द काढला, आता घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती समन्स घेऊ शकते. भगिनींनो, हा बदल तुमच्यासाठी मोलाचा आहे आणि जोखमीचाही. कागद आला की डब्यात ठेवू नका. त्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरधन्याला पाठवा, तारीख भिंतीवर लिहा.

कोणत्या केसमध्ये आपली माणसे अडकतात? मोहाची दारू, सट्टापट्टी, वैनगंगेतली रेती, धुऱ्यावरून झालेली मारामारी, मोटारसायकलचा अपघात, न वटलेला चेक. यातले कोणीही डाकू नाही. आणि आंदोलने. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. तेव्हापासून मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी किती रास्ता रोको झाले, किती जण पोलिसांच्या गाडीत बसले, हे पवनी तालुक्याला सांगायला नको. 'आंदोलकांवरचे खटले मागे घेणार' अशी घोषणा झाली की आपण फटाके फोडतो आणि तारखेला जाणे बंद करतो. अहो, घोषणेने खटला मागे जात नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. ती मिळेपर्यंत तुम्ही आरोपीच आहात, गैरहजर राहिलात तर वॉरंटही निघणार. पुढारी हार घालून मोकळे झाले. तारखा तुमच्या नावाने पडत आहेत.

काही जण म्हणतात, 'हजर झालो तर लगेच आत टाकतील.' खोटे सांगणार नाही. गंभीर गुन्हा असेल, वारंवार दांडी मारली असेल, तर कोर्ट आत टाकू शकते. पण किरकोळ केसमध्ये, स्वतःच्या पायाने आलेल्या माणसाला बहुतेक वेळा थोडा दंड, नवा जातमुचलका आणि पुढची तारीख, एवढेच होते. धरून आणलेल्याला ती सवलत मागायला तोंड राहत नाही. आणखी पुढे गेलात तर जामिनावर सुटून हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा. फरारी म्हणून उद्घोषणा निघाली आणि तरी आला नाहीत तर कलम 209, तीन वर्षांपर्यंत, शिवाय मालमत्ता जप्तीची पाळी. मूळ केस चार बाटल्यांची असेल! 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, त्यांतले 4,34,302 अजून शिक्षा न झालेले, नुसते खटल्याची वाट पाहणारे. त्या रांगेत स्वतःहून उभे राहायचे आहे का? 'पोलीस आपल्या ओळखीचे आहेत' म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवत नाही. निवडणूक लागली की निवडणूक आयोग प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांच्या बजावणीचा हिशोब मागतो, तेव्हा ओळख कामी येत नाही. आणि पोळा-दिवाळीला तुम्ही गावी येता, हे ठाण्यालाही ठाऊक असते.

एक केस मात्र वेगळी. पोटगीचे वॉरंट हे त्या बाईच्या हक्काचे आहे. थकवून लपणाऱ्याला वाचवायला आमचे मंडळ येणार नाही. पैसे भरा, मग या. तुरुंगात राहिल्याने थकबाकी फिटत नाही, हेही ऐकून ठेवा.

आता काय करायचे ते.

मोबाइलवर ई-कोर्ट्सचे ॲप घ्या. जिल्हा भंडारा, मग आपले कोर्ट, मग पक्षकाराचे नाव आणि वर्ष. नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे टाकून पाहा, कारकुनाने कसे लिहिले सांगता येत नाही. ठाणे आणि गुन्हा क्रमांक माहीत असेल तर त्यावरून शोधणे सोपे. केस सापडली की सीएनआर क्रमांक लिहून घ्या, सोळा अक्षरी असतो. टप्प्याच्या रकान्यात 'एन.बी.डब्ल्यू.' (म्हणजे अजामीनपात्र वॉरंट) दिसले की समजा, तुमच्यासाठी कागद निघाला आहे. ॲप जमत नसेल तर गावातल्या बारावीच्या पोराला धरा. रील पाहतो, हेही पाहील.

मग वकील. परवडत नाही म्हणू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्यात तालुका समिती आहे. 15100 हा फोन फुकट लागतो. आणि ज्या वकिलाने फी घेऊन वर्षानुवर्षे 'मी पाहतो' म्हटले, त्याला विचारा, काय पाहिले?

वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या, न येण्याचे खरे कारण लिहा, दवाखान्याचा किंवा कामाच्या ठिकाणचा कागद जोडा. जामीनदाराला बरोबर न्या. त्याने आपला सातबारा तुमच्या भरवशावर दिला आहे, तुम्ही पळालात तर रक्कम त्याच्याकडून वसूल होते. वॉरंट रद्द झाले की आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि खिशात ठेवा. रद्द झालेल्या वॉरंटवरही धरतात, ही नुसती आमची भीती नाही. मुंबईत 2002 साली एका वकिलाला रद्द झालेल्या वॉरंटवर 15 ऑगस्टला अटक झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2011 मध्ये न्यायालयाने वॉरंटांची नोंद नीट ठेवा, रद्द झालेले वॉरंट पोलिसांना कळवा, असे बजावले. वकिलाची ही गत, तर आपली काय?

मिटण्याजोगी केस असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत लावून घ्या. वर्षातून अनेकदा भरते.

पोलीस आलेच तर हुज्जत घालू नका, पण वॉरंट पाहायला मागा. न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा. जामीनपात्र असेल तर त्यावर लिहिलेला जामीन देऊन जागेवरच सुटता येते, त्यासाठी कोणाचे चहापाणी करायचे नसते. व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे मागणारा मात्र शंभर टक्के ठग. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही. 1930 ला फोन लावा.

सरपंच आणि पोलीस पाटलांना एवढेच, की ग्रामसभेत हा विषय घ्या. नावे वाचून कोणाची बेअब्रू करू नका, माणसाला बाजूला घेऊन सांगा. आमच्या कार्यकर्त्यांनी आजवर लोकांना हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढवल्या आहेत, एक रुपया न घेता. दलालांना हे खुपते. खुपू द्या.

ज्यांना तारीख, कोर्ट, वकील काहीच आठवत नाही त्यांनीही कोर्टात यावे. आधार कार्ड, असतील तेवढे जुने कागद, जामीनदार आणि दंडासाठी थोडे पैसे घेऊन कोर्ट सुरू होण्याआधी पोहोचा. शुक्रवारी येऊ नका, सोमवारी या, म्हणजे काही राहिलेच तर पुढचे चार दिवस कोर्ट उघडे असते.