मेथी घ्या, पण गोळी सोडू नका



एका भगिनीचं पत्र आलंय. ‘ह्यांना मधुमेह आहे. शेजारच्या काकू म्हणतात, कारल्याचा रस सुरू करा, गोळ्या लागणारच नाहीत. ह्यांनी चार दिवस गोळी घेतलीच नाही. काय करू?’

अहो, आधी डॉक्टरांना गाठा, खाडा झाल्याचं सांगा आणि गोळी पुन्हा सुरू करा! साखर वाढली तरी दुखत-खुपत काही नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. आतल्या आत मात्र डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा बिघडत जातात.

काकूंचं सगळंच चुकीचं नाही. स्वयंपाकघरातल्या काही वस्तूंची मदत होते, पण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नव्हे.

मेथी : एक चमचा दाणे रात्री भिजत घालावेत, सकाळी पाण्यासकट चावून खावेत. त्यांतल्या बुळबुळीत तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर अभ्यास केले, ते दिवसाला २५ ग्रॅम आणि त्याहून जास्त मेथीचे. तेव्हा एका चमच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. एकदम जास्तही घेऊ नये, पोट बिघडतं.

कारले : भाजी खुशाल करा. मात्र गुळाचा भलामोठा खडा घालून तिला मधुमेहाची भाजी म्हणू नका! रिकाम्या पोटी पेलाभर रस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जांभूळ : बिया वाळवून पूड करतात. पण तिच्या गुणाचा पुरावा मेथीइतका नाही.

गुडमार : हिचं पान चावलं की काही वेळ साखर जिभेला गोडच लागत नाही. म्हणून रक्तातली साखर गेली असं समजू नये.

आता महत्त्वाचं. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन, त्यावर असा रस किंवा काढा आणि वर नाश्ता चुकलेला, अशाने साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

घरात एक वही ठेवा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तारखेसह लिहा. नवं काही सुरू कराल तेही लिहा, एका वेळी एकच, आणि वही डॉक्टरांना दाखवा. साखर उतरली तर गोळी कमी करायची की नाही, ते तेच ठरवतील. दिवस गेलेल्या बायकांनी कारल्याचा रस, मेथीची पूड औषध म्हणून घेऊ नये.

आणि काकूंवर रागावू नका हं. उलट पुढच्या वेळी त्यांनाही साखर तपासायला बरोबर न्या!