हात लहान की मूठ मोठी?

"मामा, माझा हातच लहान आहे. नेमबाजी सोडते," भाची म्हणाली. एअर पिस्तूल तिच्या हातात फिरायचं. बोट ट्रिगरला कसंबसं टेकायचं, आणि ओढताना नळी बाजूला जायची. मी म्हटलं, दोष मुठीचा आहे, हाताचा नाही.

स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ लहान-मोठ्या मापांत मिळते. आम्ही लहान माप मागवलं. मूठ काढून आदिलाबादच्या आमच्या सुताराकडे नेली. तळव्यात पोकळी राहत होती तिथे त्याने लांबी भरली, टोचत होतं तिथे कानस मारली. ट्रिगर थोडा मागे सरकवला. त्याची ओढ मात्र हलकी केली नाही. नियमाने ती 500 ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही.

2014 साली कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी 'निर्भीक' रिव्हॉल्वर काढलं, वजन साधारण अर्धा किलो. हलकं म्हणजे सोपं, असं आपल्याला उगाच वाटतं. त्याच गोळीला हलकं हत्यार झटका जास्त देतं. आधी बोट नीट पोचायला हवं.

रविवारी भाची पुन्हा उभी राहिली. पिस्तूल फिरलं नाही. आता फक्त नखं कापायची आहेत; त्यावर घरात वाद चालू आहे.