घरचा व्यायाम : बसून काढावयाची बेटकुळी

गेल्या महिन्यांत आमचा धाकटा पुतण्या दहा किलोचें डंबेल घेऊन आरशापुढें उभा होता. वजन वर जात होतें हें खरें. पण तें दंडानें उचललें जात नव्हतें, कंबरेनें फेकलें जात होतें. दर खेपेस स्वारी मागें झुके आणि डंबेल धाडकन् खालीं येई. चौथ्या दिवशीं पाठींत उसण भरली व ऐन परीक्षेच्या आठवड्यांत चिरंजीव अंथरुणाला खिळले.

त्याच सुमारास वहिनींच्या मनगटाचें प्लास्टर निघालें होतें. सहा आठवडे हात गळ्यांत. दंड वाळलेला, भरली कळशी उचलवेना. डॉक्टरांनीं हलक्या वजनाची परवानगी दिली आणि पुतण्याची पाठही मोकळी झाली, तेव्हां आम्हीं दोघांनाही खुर्चीवर बसविलें. बसलेल्या माणसाला झोका घेणें कठीण जातें, एवढेंच त्याचें इंगित.

खुर्ची बिनहातांची घ्यावी. पावलें जमिनीवर, पाठ ताठ, हात बाजूंस लोंबते, तळहात मांडीकडे. कोपरें बरगड्यांजवळ खिळ्यानें ठोकल्यासारखीं स्थिर ठेवावींत. मग हात वाकवीत वजन वर न्यावें व मांडी ओलांडतांच तळहात उताणा करावा. हें वळविणें शोभेसाठीं नव्हे. बेटकुळीच्या स्नायूचें खालचें टोंक हाताच्या आंगठ्याकडील हाडाला जोडलेलें असतें; म्हणून कोपर वाकविणें आणि तळहात उताणा करणें हीं दोन्ही कामें त्याचींच. उजव्या हातानें स्क्रू आवळतांना दंड फुगतो तो यामुळेंच. मनगट सरळ असावें. वर नेतांना श्वास सोडावा. रक्तदाबाच्या माणसांनीं तर तो मुळींच कोंडूं नये.

खरी परीक्षा उतरतांना असते. मनांत तीन अंक मोजीत, कोपर सरळ होईपर्यंत वजन खालीं आणावें. उचलतांना स्नायु जेवढा भार घेतो त्याहून अधिक तो लांबतांना सोसूं शकतो. वजन टाकून देणारा निम्मा व्यायामच टाकून देतो. दुसऱ्या दिवशींचा ठणकाही बहुतेक या उतरण्याचाच, म्हणून आरंभ हलका असावा. दहा-बारा वेळां, अशीं दोन आवर्तनें, एक दिवस आड करून पुरे. खांदा कानाकडे चढूं लागला कीं थांबावें.

वजन विकत आणण्याची गरज नाहीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वहिनींनीं अर्ध्या बाटलीपासून आरंभ केला.

घरांतील वडीलधारी मंडळी विचारतील, नमस्कार असतां हें विलायती खूळ कशाला? औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नमस्कारांकडे वळण्यापूर्वीं कित्येक वर्षें सँडोच्या पद्धतीनें व्यायाम करीत होते, हें त्यांस सांगावें. शिवाय नमस्कारांत व जोरांत जमीन रेटावयाची असते. तें काम दंडाच्या मागल्या स्नायूचें. पुढल्या, ओढणाऱ्या स्नायूची सोय पूर्वीं विहिरीवर होत असे. घरांत नळ आला आणि शेंदणें सुटलें.

आम्हीं स्वतः मोठ्या दिमाखानें पांच किलो घेऊन बसलों. सहाव्या खेपेस खांदा चढला. मुकाट्यानें तीन किलोवर आलों. वहिनी आतां पूर्ण बाटली उचलतात. परवां पुतण्या हळूच त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, “काकू, तुझी ती अर्धी बाटली रिकामी असेल तर दे ना.”